मंगाईचा वार आणि वडगावचे शिवार

वडगाव म्हटले की सांगलीकर लगेच विचारतात, "कोणते वडगाव?" प्रश्न रास्त आहे. वडाच्या झाडावरून गावाला नाव देण्याची आपल्याकडची खोड इतकी जुनी की, दर तालुक्याला एखादे वडगाव सापडावे. मावळातले वडगाव इतिहासात गेले. १७७९ च्या जानेवारीत तेथे इंग्रजांनी मराठ्यांपुढे हात टेकले आणि तह लिहून दिला. हातकणंगले तालुक्यातले पेठ वडगाव बाजारामुळे सर्वांच्या ओळखीचे. माझे वडगाव या दोहोंपैकी एकही नव्हे. ते बेळगावच्या दक्षिण अंगाला शहापुराला खेटून बसलेले आहे. शहापूर कोठे संपले आणि वडगाव कोठे सुरू झाले, हे नवख्या माणसाला सांगता येणार नाही; गावकऱ्याला मात्र ते पायाखाली कळते.

शहापूर या पानाच्या जुन्या वाचकांना परके नाही. सांगली संस्थानातली व्यापाराची सर्वांत मोठी पेठ सांगलीत नव्हती, ती बेळगावला लागून असलेल्या या शहापुरात होती. येथल्या कितीतरी घराण्यांतील आजोबा-पणजोबा तेथे कारकुनीला, मामलतीला जाऊन आले असतील. कितीतरी घरांतल्या आज्यांच्या ट्रंकांत शहापुरी लुगडे निघेल. चिंतामणराव पटवर्धनांच्या नावाची शाळा आजही शहापुरात उभी आहे. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले, १९५६ साली तो सारा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि त्यानंतरच्या वादावर या वर्तमानपत्राने आणि इतर सर्वांनी इतके लिहिले आहे की, आज मी त्यात भर घालणार नाही. एवढेच सांगतो की, संस्थानाची हद्द कागदावरून पुसली गेली तरी रंगाच्या पिचकारीतून पुसली गेली नाही. बेळगाव शहरात होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीला रंग खेळतात. शहापूर आणि त्याच्या आसपासचा आमचा भाग मात्र थांबतो आणि पंचमीला खेळतो. लहानपणी आम्हां पोरांची यात मोठी चैन होती. शहरातल्या मामाकडे एकदा भिजायचे आणि घरी येऊन पुन्हा भिजायचे. आई म्हणे, "दोन सरकारांची प्रजा, दोनदा धुणे."

वडगावात दोन धंदे, एक रानाचा आणि एक मागाचा. रयत गल्लीचे नावच सांगते की तेथे कुळवाडी राहतात. त्यांच्या पलीकडे विणकरांची वस्ती. त्यांची घरची बोली बहुतेक कानडी, व्यवहाराची मराठी, आणि भांडणाची दोन्ही. पूर्वी हातमाग होते, पुढे यंत्रमाग आले. वडगावात पाहुणा म्हणून पहिली रात्र काढणाऱ्याला झोप येत नसे, कारण भिंतीपलीकडे खटक-खटक अखंड चाले. आम्हाला उलट तो आवाज थांबला की जाग येई. वीज गेली असे समजून आजी उशाखालची काड्यापेटी चाचपू लागे. सुरतेच्या स्वस्त साडीने या मागांचे कंबरडे आधीच वाकविले होते. त्यात २०१९ च्या महापुरात अनेकांचे माग पाण्यात गेले, आणि पुढच्याच वर्षी टाळेबंदीने महाराष्ट्रातल्या बाजारपेठा बंद झाल्या. त्या दोन वर्षांत विणकरांनी काय सोसले हे स्वतंत्र लेखाचे प्रकरण आहे आणि ते माझ्याहून जाणत्या माणसाने लिहावे. मी रयत गल्लीकडचा. मला रानाचे बोलता येते.

आमच्या दोन्ही धंद्यांना एका सूत्रात ओवणारी देवी म्हणजे मंगाई. आषाढात एका मंगळवारी तिची जत्रा भरते. बाहेरचा माणूस जत्रेच्या दिवशी येतो, गर्दी पाहतो, ओटी भरतो, पाळण्यात बसतो आणि परत जातो. त्याला जत्रा दिसते. वार दिसत नाही. आणि मला विचाराल तर वार हाच या सणाचा गाभा आहे.

जत्रेच्या आधी काही आठवडे गाव मंगळवार आणि शुक्रवार पाळते. याला आमच्याकडे "वार पाळणूक" म्हणतात. त्या दिवशी रानात औत जात नाही. कोळपणी नाही, भांगलण नाही, लावण नाही. आमच्या आजीच्या काळी जातेही फिरत नसे. आदल्या दिवशी दळून ठेवायचे. जत्रेच्या मंगळवारी विणकरांचे मागही थांबतात, आणि वर्षातून तेवढा एक दिवस वडगाव नि:शब्द होते. शहरात शिकून आलेल्या आम्हां पोरांना वाटे, ऐन पेरणी-कोळपणीच्या हंगामात आठवड्याचे दोन दिवस हातावर हात ठेवून बसणे हा शुद्ध वेडेपणा आहे. पाऊस काही मंगळवार पाहून थांबत नाही! पण हळूहळू ध्यानात आले की, मृगापासून आषाढापर्यंत बैल आणि बाई यांच्याइतके कोणीच राबत नाही, आणि त्यांना सुटी देण्याची ताकद ना मालकात असते ना नवऱ्यात. ती ताकद देवीतच होती. आठवड्यातले दोन दिवस देवीच्या धाकाने बैलाच्या मानेवरचे जू उतरे आणि बाईच्या कमरेला विसावा मिळे. हे शास्त्र म्हणून सांगत नाही. माझा तर्क आहे. पण आमच्या घरचे बैल शुक्रवारी उन्हात डोळे मिटून रवंथ करीत बसलेले मला आठवतात, तेव्हा तो तर्क मला पटतो.

वाराच्या शेवटी गाऱ्हाणे घातले जाते. मानकरी देवीपुढे उभे राहतात आणि गावाच्या वतीने बोलतात. पाऊस वेळेवर येऊ दे, पीकपाणी बरे होऊ दे, गुरेढोरे आणि लेकरेबाळे सुखी राहू देत, परगावी गेलेले सुखरूप परत येऊ देत, अशा अर्थाचे ते मागणे असते. गाऱ्हाणे म्हणजे स्तोत्र नव्हे, तक्रारही नव्हे. घरातल्या वडीलधाऱ्या बाईशी बोलावे तसे ते बोलणे आहे. भक्तीचा इतका सरळ, व्यवहारी सूर मला मोठमोठ्या क्षेत्रांत आढळला नाही.

जत्रेत एक गोष्ट मात्र मला कधी आवडली नाही, आणि गावकरी म्हणून ती लपविणेही बरे नव्हे. नवस फेडण्यासाठी कोंबडीची जिवंत पिल्ले देवळावर उडवितात. लहानपणी ती झेलायला धावणाऱ्या पोरांत मीही होतो. आज ती चिवचिव ऐकवत नाही. देवीने इतके बदल पचविले, हाही पचवील असे मला वाटते.

आता ज्या रानासाठी हा वार आणि हे गाऱ्हाणे, त्या रानाकडे येतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंचीवर आहे. पश्चिमेला काही कोसांवर आंबोलीचा घाट, जेथे पाऊस मोजावा तरी किती असा प्रश्न पडतो. पूर्वेला अथणी-सौंदत्तीकडचा कोरडा मुलूख, जेथे ढग पाहून माणसे हुरळतात आणि ढग पुढे जातो. आम्ही या दोहोंच्या मधे. सुमारे पन्नास इंच पाऊस, आणि तोही झोडपणारा कमी, रिमझिमणारा अधिक. शहापूर, वडगाव, येळ्ळूर, अनगोळ या पट्ट्यातली जमीन काळी आणि ओल धरून ठेवणारी. सांगलीकरांना काळ्या जमिनीचे कौतुक सांगायला नको. पण कृष्णाकाठची काळी जमीन ऊस आणि हळद पिकविते, आमची काळी जमीन भात पिकविते. भात म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे कोकणची चिखलणी येते. आमच्याकडे कित्येक रानांत वळवाच्या सरी पडून गेल्यावर कोरड्या, भुसभुशीत मातीतच भात कुरीने पेरतात. त्याला धूळवाफ पेरणी म्हणतात. वर आभाळ भरून येत आहे, खाली धूळ उडते आहे, आणि त्या धुळीत बी पडते आहे, हा जुगार दरवर्षी रयत गल्ली खेळते. मृगाने साथ दिली तर आठ दिवसांत शिवारावर हिरवी रेघ उमटते. न दिली तर पाखरांची पंगत उठते. चिखल करून रोपलावणही होते, पण ज्याने धूळवाफ पेरली त्याच्याच तोंडी पावसाची खरी काळजी असते.

या शिवाराचे लेणे म्हणजे येथला बासमती. उत्तरेकडच्या बासमतीशी त्याचे नाते किती, हे भातशास्त्र्यांनी सांगावे. आम्ही त्याला ओळखतो ते वासावरून. आश्विनात भात पोटरीतून निसवला आणि फुलोऱ्यावर आला की संध्याकाळी येळ्ळूरच्या रस्त्याने चालणाऱ्याला कोणी सांगावे लागत नसे, कोणाच्या रानात काय आहे ते. वाऱ्याची झुळूक सांगे. घरात हा तांदूळ रोज शिजत नसे. पाहुणा, सण किंवा आजारातून उठलेले माणूस, यांपैकी काही असले तरच. शेजारच्या गल्लीत वास गेला की शेजारीण विचारी, "कोण आलंय गं?"

या भाताचे ताट उंच, वाऱ्यापावसात ते लोळते आणि उतारा थोडा देते. त्यामुळे अधिक पिकणाऱ्या जाती आल्या. त्यांतली इंद्रायणी आज सर्वत्र झाली आहे. योगायोगाची गंमत पाहा. इंद्रायणी ही जात निघाली ती मावळातल्या त्या दुसऱ्या वडगावच्या भात संशोधन केंद्रातून, १९८७ साली. तिच्या अंगात आंबेमोहोराचे रक्त आहे, त्यामुळे तिलाही वास आहे आणि ती नावाजण्याजोगीच आहे. एका वडगावने तह लिहून घेतला आणि दुसऱ्या वडगावचा तांदूळही जिंकला, असे आम्ही थट्टेने म्हणतो. थट्टा पुरे, ज्या कुळवाड्याला कर्ज फेडायचे आहे त्याला वास परवडत नाही, त्याला पोती परवडतात. त्यात त्याचा दोष काढायला मी धजत नाही.

भात कापले की रान मोकळे राहत नाही. जमिनीत उरलेल्या ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा, मोहरी पेरतात. पाण्याचा एक थेंब वरून न घालता थंडीच्या दवावर हे दुसरे पीक येते. आमचा मसूर बारीक असतो, चवीला गोडसर असतो आणि शिजला तरी आकार सोडीत नाही. इस्लामपूरकडच्या धाब्यांवर अख्ख्या मसुराची ख्याती आहे, हे मला ठाऊक आहे आणि मी तेथे आवडीने जेवतो. पण पौषातल्या सकाळी बांधावर बसून तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्लेला मसूर ज्याने चाखला, त्याच्याशी याबाबत वाद घालू नये. माघात मोहरी पिवळी होते आणि तिच्या वरून दक्षिणेला राजहंसगड दिसतो.

राजहंसगड, म्हणजेच येळ्ळूरचा किल्ला, हे आमच्या भागाचे मोठे आकर्षण. काळ्या दगडाचा तट, आत सिद्धेश्वराचे देऊळ, आणि तटावरून चहूकडे दिसणारा मुलूख. २०२३ च्या मार्चमध्ये तेथे शिवछत्रपतींचा भव्य पुतळा उभा राहिला. निवडणुका तोंडावर होत्या, म्हणून तीन दिवसांच्या अंतराने त्याचे दोन पक्षांनी दोनदा अनावरण केले! महाराज हसले असतील. तेव्हापासून गडावर रविवारी माणसांची रीघ लागते, आणि ते चांगलेच आहे. परंतु गडावर जाणाऱ्याने पुतळ्यासमोर छायाचित्र काढून झाल्यावर क्षणभर उत्तरेकडच्या तटाशी जाऊन उभे राहावे. पूर्वी तेथून वडगाव शोधावे लागे. अफाट हिरव्या शिवाराच्या पलीकडे कौलांची एक तांबडी रेघ, तेच आमचे गाव. आज शोधावे लागते ते शिवार.

हे कोणी केले? पहिले नाव माझे लिहितो. २००६ साली आमच्या घरचे दीड एकर रान विकले गेले. काकांना मुलीचे लग्न होते, मला सांगलीत घर बांधायचे होते, आणि रान कसणारा घरात कोणी उरला नव्हता. खरेदीखतावर माझी सही आहे. त्या रानाचे भूखंड पडले. आज तेथे घरे आहेत आणि त्यांतली माणसे भली आहेत. ते रान सखल होते. पावसाळ्यात त्यात चार-सहा दिवस पाणी तुंबे आणि भाताला ते मानवत असे. घराला मानवत नाही. २०१९ च्या ऑगस्टात, सांगलीत कृष्णामाई आपल्या पेठांत शिरली त्याच दिवसांत, त्या घरांच्या उंबऱ्यावर पाणी आले. मी तेव्हा सांगलीच्या घराच्या माडीवर अडकलो होतो आणि दूरध्वनीवर तिकडची हकीकत ऐकत होतो. भात लावायच्या जागी घर बांधले, त्या पैशातून आणखी एक घर बांधले, आणि दोन्ही घरांना पाण्याने हिशेब विचारला.

पाणी तुंबविणारा तो बळ्ळारी नाला. शिवाराच्या कडेने जाणारा हा ओहोळ एके काळी रानाचे जादा पाणी वाहून नेई. आम्ही त्यात खेकडे धरीत असू. आता तो शहराचे सांडपाणी वाहतो. गाळ, जलपर्णी आणि कचरा यांनी त्याचे पात्र इतके भरले आहे की, चार दिवस पावसाने जोर धरला की ते घाण पाणी उलटून भातात शिरते आणि नुकते रुजलेले पीक कुजते. मग दुबार पेरणी. कधी तीही जाते. हा नाला पुढे मार्कंडेय नदीला मिळतो, मार्कंडेय घटप्रभेला, आणि घटप्रभा कृष्णेला. सांगलीच्या घाटावरून गेलेले पाणी आणि वडगावच्या नाल्याचे पाणी शेवटी एकाच पात्रातून पूर्वेला जाते. म्हणून हा विषय या पानावर मांडताना मला परक्या गावची कैफियत मांडतो आहे असे वाटत नाही.

तिसरा घाव हलगा-मच्छे बगलरस्त्याचा. पुणे-बंगळूर महामार्गावरचे हलगा आणि गोव्याच्या वाटेवरचे मच्छे यांना जोडणारा हा रस्ता या सुपीक पट्ट्याच्या पोटातून आखला गेला. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला, दावे लढविले, स्थगिती मिळविली. तरी २०२१ च्या अखेरीस पोलिसांच्या बंदोबस्तात उभ्या पिकांतून यंत्रे फिरली. रस्ता नको असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. बेळगावातली अवजड वाहनांची कोंडी मीही सोसली आहे. पण वर्षाला दोन पिके देणारी, दुसऱ्या पिकाला पाणीही न मागणारी जमीन ही रस्त्यासाठी शेवटी विचारात घेण्याची जागा असली पाहिजे. आपल्याकडे ती पहिली असते, कारण ती सपाट असते आणि तिचे मालक लहान असतात. आणि रस्ता एकटा येत नाही. त्याच्या दोन्ही अंगांना भूखंडांचे दगड आपोआप उगवतात.

इकडे जत्रा मात्र दरवर्षी वाढते आहे. रोषणाई वाढली, दुकाने वाढली, स्वागताच्या फलकांवरचे चेहरे वाढले. माहेरवाशिणी पूर्वी बैलगाडीतून येत, आता मोटारी लावायला जागा नाही. सण जपल्याचे समाधान आम्हाला पुरेपूर आहे. ज्याच्यासाठी सण होता ते हातचे जाऊ देऊन सण जपणे, याला संस्कृतिरक्षण म्हणावे काय, असा प्रश्न मला गेल्या आषाढात पडला, आणि तो घेऊन मी चुलत्यांकडे न जाता सरळ अप्पाकडे गेलो. अप्पा माझा थोरला चुलत भाऊ. रयत गल्लीत आजही औत बाळगून असलेल्या मोजक्यांपैकी एक. शुक्रवार होता. अप्पा सोप्यात बसून दोर वळत होता.

"कवा आलास? बस की," तो म्हणाला.

मी विचारले, "अप्पा, रान किती राहिलंय आता?"

"एक एकर धा गुंठे."

"एवढ्याशा रानासाठी अजून दोन-दोन वार पाळायचे?"

"वार देवीचा हाय," अप्पा म्हणाला, "एकराचा न्हवं."

मग चहा झाला आणि तो आपणहून बोलू लागला. त्याचे मागणे थोडे आहे. पावसाळ्यापूर्वी, म्हणजे वैशाखातच, नाल्याचा गाळ तळापासून उपसावा. जूनमध्ये वरवर कुदळ मारून छायाचित्रे काढू नयेत. शहराचे सांडपाणी शुद्ध केल्यावाचून नाल्यात सोडू नये. नगररचनेच्या नकाशात उरलेल्या भातशेतीला शेती म्हणूनच ठेवावे, "भविष्यातील वसाहत" या रंगाने रंगवू नये. आणि बासमती पेरणाऱ्याला त्याच्या तोट्याइतका तरी जादा भाव मिळावा. यातले पहिले तिन्ही सरकारच्या हातचे आहे. चौथे आपल्या हातचे आहे, आणि तेथे सांगलीकर वाचकांना मी सरळ विनंती करतो. ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या शहापूरचे कापड विकत घेतले, त्यांनी वर्षाला दहा-वीस शेर तांदूळ आणि दोन शेर मसूर थेट शिवारातून घ्यायला काय हरकत आहे? सुगी झाली की मिरजेहून बेळगावची गाडी धरावी आणि रयत गल्लीत येऊन विचारावे. दुकानात बासमतीच्या नावाने काय मिळेल याची हमी मी देत नाही. कुळवाड्याच्या घरी मूठभर हातावर घेऊन वास पाहता येतो.

निघताना मी अप्पाला म्हटले की, गाऱ्हाण्यात पाऊस, पीक, गुरेढोरे सारे येते. यंदा मानकऱ्यांना सांगून त्यात नाल्याचेही नाव घाला. अप्पाने दोराला शेवटचा पीळ दिला.

"नाल्याचं गाऱ्हाणं देवीला कशाला घालायचं? नाला काय देवीनं तुंबवला? ते कचेरीत जाऊन घाला की. तुम्ही शिकलेली माणसं."